कूलरच्या वाऱ्यातला अजदहा

यंदाही ह्यांनी कूलरचं गवत बदललं. होळी झाली की आमच्या मुकुंदवाडीत गल्लोगल्ली हेच काम निघतं. माळ्यावरचा कूलर खाली येतो, गेल्या वर्षीचं काळं पडलेलं गवत जाळीतून ओरबाडून काढलं जातं, मोटरला तेल दिलं जातं, आणि नवं पिवळं गवत कोंबून पहिल्यांदा पाणी सोडलं की घरभर एक वास सुटतो. ओल्या लाकडाचा, थोडा रानाचा, थोडा गंजलेल्या पत्र्याचा. इतरांना त्या वासानं काय आठवतं मला ठाऊक नाही. मला अजदहा आठवतो.

अजदहा म्हणजे पंख फुटलेला, तोंडातून आग ओकणारा, डोंगराएवढा सरडा. आताची मुलं त्याला ड्रॅगन म्हणतात. माझं माहेर छावणीतलं; आम्ही तिथली मुलं अजदहाच म्हणायचो, कारण त्याची आणि आमची ओळख शेजारच्या नसीम खालांनी करून दिली होती आणि त्यांच्या घरात त्याला हेच नाव होतं. माझ्या वर्गातली मुलं हल्ली मला त्यांचे ड्रॅगन मोबाईलवर दाखवतात. एकेक खवला वेगळा मोजून घ्यावा असा. डोळ्याच्या बाहुलीत समोरच्या माणसाचं प्रतिबिंबसुद्धा दिसतं. मी "छान आहे हं" म्हणते आणि मोबाईल परत देते. छानच असतो तो. पण त्याची भीती वाटत नाही, आणि मुख्य म्हणजे त्याची कीव येत नाही.

आमचा अजदहा रबराचा होता. मान वळवली की गळ्याला घडी पडायची. उडायला लागला की पाठीवरची तार स्पष्ट दिसायची आणि एका दृश्यात तर त्याचा मागचा पाय जागचा हललाच नाही. "लंगडा है बिचारा," खाला म्हणाल्या होत्या, आणि त्या क्षणापासून आम्ही सगळे त्याच्या बाजूचे झालो. आग ओकणारा असला म्हणून काय झालं, लंगडा होता.

तो उन्हाळा आमच्या घरातला पहिला बिनआईचा उन्हाळा होता. आई थंडीत गेली, काविळीनं. मी सहावीची परीक्षा दिली होती आणि धाकटी मनी अजून शाळेतही जात नव्हती. अण्णा लासूर स्टेशनला एका आडत दुकानात कामाला होते. सकाळच्या पॅसेंजरनं जायचे, दिवस कलताना परत यायचे. आमच्याकडेही कूलर होता, पत्र्याचा, हिरवा रंग दिलेला. पण तो आईच्या अखत्यारीतला. गवत कधी आणायचं, टाकी कधी भरायची, सगळं तीच बघायची. नळ आमच्या अंगणात होता. दुपारी पाणी आलं की रबरी पाईप आधी आमच्या कूलरमध्ये आणि मग मधल्या भिंतीवरून खालांच्या कूलरमध्ये, हा आईचा आणि खालांचा ठरलेला कारभार. त्या वर्षी अण्णांनी आमचा कूलर माळ्यावरून काढलाच नाही. आम्हीही म्हटलं नाही. पाईप खिळ्याला टांगलेला राहिला आणि आम्ही दोघी जेवणं झाली की भिंतीपलीकडे जायला लागलो.

नसीम खालांचे मियाँ आखाती देशात नोकरीला होते. एका खेपेला त्यांनी व्हिडिओ आणला, आणि मग कुणी ना कुणी गावाकडं येणारा भेटला की त्याच्याबरोबर कॅसेटी पाठवायचे. तिकडच्या टीव्हीवर लागणारे सिनेमे ते रेकॉर्ड करून ठेवत. बायकोचा वेळ जावा हा हेतू. तो काळच तसल्या सिनेमांचा होता. उडणारे घोडे, बोलणारी झाडं, चहाच्या कपात मावतील एवढी माणसं, धुरातून निघणारे जादूगार. धूर इतका असायचा की कधी कधी पाच-पाच मिनिटं नुसता धूरच दिसायचा. आता कळतं की त्या धुरात बरंच काही झाकलेलं असणार. तेव्हा वाटायचं, जादूच्या मुलखातली हवाच तशी असते.

खिडक्यांना चादरी लावलेल्या. एका चादरीला भोक होतं, त्यातून आलेलं ऊन भिंतीवर रुपयाएवढं पडायचं आणि सिनेमा पुढं सरकेल तसं तेही भिंतीवरून सरकायचं. कूलरसमोरची जागा मनीची, कारण ती लहान. खाला मागं पाट घेऊन बसायच्या, मांडीवर कुणाची तरी फॉल लावायची साडी. सुई चालू असायची आणि तोंडही. सिनेमा इंग्रजीत, आम्हाला इंग्रजी म्हणजे पुस्तकातले दोन धडे, त्यामुळं गोष्ट खालाच सांगायच्या. "देखो, ये बुड्ढा मीठा बोलरा, मगर नीयत में खोट है इसकी." बुड्ढा पडद्यावर आणखी गोड हसायचा आणि आमच्या अंगावर काटा यायचा. अजदहा जवळ आला की सुई थांबायची. सुई थांबली हे आम्हाला न बघता कळायचं.

पडद्याच्या खालच्या कडेला अक्षरं उमटायची. ती लिपी खालांच्या घरात सगळीकडं होती. कॅलेंडरवर, दारावरच्या तसबिरीत, फळीवरच्या पुस्तकांत. म्हणजे ते उर्दू आणि खाला ते वाचून सांगतात, हे आम्ही इतकं धरून चाललो होतो की कधी कुणी विचारलंसुद्धा नाही.

लाईट जायची. जायचीच, उन्हाळा होता. पडदा काळा, कूलर बंद, अंगाला घामाची धार. पण खाला थांबायच्या नाहीत. "लाईट गई तो अजदहा थोडीच रुकता." अंधारात त्यांची गोष्ट चालू राहायची, अजदहा दोन डोंगर ओलांडून जायचा, राजकन्या विहिरीत उतरायची, बाहेर यायची. मग लाईट यायची, आणि सिनेमा मात्र जिथं थांबला होता तिथंच. खाला जराही न गडबडता म्हणायच्या, "देखो, वापस आ गए सब. कुछ भूल गए होंगे." आम्हाला हे पटायचं. आम्हीही दुकानाच्या अर्ध्या वाटेवरून परत यायचोच की.

सगळ्यात लाडका सिनेमा तो लंगड्या अजदह्याचा. त्याचं खरं नाव आम्हाला कधीच कळलं नाही. तो दोन कॅसेटींत होता. पहिल्या दुपारी पहिली लावली. एक राणी आणि तिची मुलगी बर्फाच्या मुलखात चाललेल्या, अजदह्याच्या मागावर. त्या कॅसेटच्या शेवटी राणी मुलीला वाचवताना स्वतः आगीत सापडते आणि हातातला कंगवा तेवढा उरतो. मुलगी तो कंगवा घेऊन एकटीच परत निघते. मग पडद्यावर नावं वर वर सरकायला लागली. मनी रडली नाही. ती उठून कूलरला तोंड लावून बसली आणि संध्याकाळी अण्णा आले तरी जेवली नाही. अण्णांनी विचारलं, "काय झालं गं हिला?" मी म्हटलं, "सिनेमा बघितला." "इतकं लई मनाला लावून घ्यायचं नाय बाई," अण्णा म्हणाले, आणि स्वतःही अर्ध्या भाकरीवर उठले.

दुसऱ्या दिवशी खालांनी आम्हाला मुद्दाम हाक मारून बोलावलं. "कल तो इंटरवल हुआ था. असली किस्सा तो आज है." दुसरी कॅसेट लागली. आणि त्यात राणी होती. जिवंत, हसती, घोड्यावर बसलेली. खालांनी सगळं समजावून दिलं. मुलीनं कंगवा नेऊन अजदह्यासमोर ठेवला, लंगड्याला दया आली, त्यानं राणी परत दिली. शेवटच्या दृश्यात संध्याकाळ होती. राणी खिडकीत बसून मुलीचे केस विंचरत होती. मुलगी काहीतरी विचारते, राणी मान वर करते आणि बोलते. खालांनी सुई बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "मैं कहीं गई नहीं थी बेटा. तुमनेच नहीं देखा."

मग पडद्यावर मुंग्या आल्या. कॅसेट संपली की यायच्या त्या, काळ्या-पांढऱ्या, खरखर करत. मनी मुंग्यांकडं बघत बसली होती. त्या रात्री ती जेवली.

तो सिनेमा आम्ही त्या उन्हाळ्यात किती वेळा पाहिला असेल, देव जाणे. नेहमी त्याच क्रमानं. आधी मरण, मग कंगवा, मग खिडकीतली संध्याकाळ. जून लागला, शाळा सुरू झाली, पुढं खालांचा व्हिडिओ बिघडला तो बिघडलाच. पण मनी मोठी झाली तरी विचारायची, "ताई, तो सिनेमा खरंच होता ना?" ती लग्न होऊन पुण्याला गेली, तिकडं ज्याला त्याला विचारायची. असा सिनेमाच नाही, असं सगळे सांगायचे.

आणि दर उन्हाळ्यात तिचा दुसरा एक प्रश्न असायचा. "आई कशी बोलायची गं?"

याचं उत्तर मला द्यायला हवं होतं. मी मोठी, मला आठवायला हवं होतं. आईचे फोटो आहेत, तिची एक साडी आहे, पण आवाज कुठंच नाही. टेपरेकॉर्डर असणाऱ्यांतलं आमचं घर नव्हतं. मी आठवीला ध्वनीचा धडा शिकवते. आवाज म्हणजे कंपनं, हवेत विरली की विरली, हे दरवर्षी फळ्यावर आकृती काढून सांगते. तरी रात्रंदिवस वाटत राहतं, कुठंतरी असेलच. डोळे मिटून आईला आठवायला गेले की ती दिसते. पदर खोचलेला, कपाळावर घाम. तोंड हलतं. आणि ऐकू येतं ते, मैं कहीं गई नहीं थी बेटा. राणीचं वाक्य, खालांच्या आवाजात. आईच्या सगळ्या बोलण्यावर ते एकच वाक्य येऊन बसलं होतं आणि काही केल्या उठत नव्हतं. मनीला मी सांगायची, "हळू बोलायची. मऊ." अण्णा होते तेव्हा एकदा म्हणाले होते, "मऊ कुठली? लई ठसक्यात बोलायची तुझी आई." मग आम्हा दोघांनाही आठवेना, ठसका म्हणजे नेमका कसा.

या एप्रिलात मनीचा फोन आला. "ताई, सापडला बघ. कंगव्याचा सिनेमा. तुला लिंक पाठवलीय. पण तू बघू नको, मी मे महिन्यात आल्यावर सोबत बघू."

मी अर्थातच बघितला. पेपर तपासायचे तसेच ठेवून, दुपारी, कूलर लावून. माझ्या डोक्यात एक खुळी आशा होती, ती सांगूनच टाकते. त्या राणीचा खरा आवाज ऐकला, तर खालांचा आवाज तिच्यापासून सुटा होईल, आणि तो सुटला की त्याच्याखालून आईचा निघेल. विज्ञान शिकवणाऱ्या बाईनं असा विचार करू नये. पण केला.

सिनेमा सुरू झाला तोच आमच्या दुसऱ्या दुपारपासून. म्हणजे आमचा दुसरा भाग तो खरा पहिला होता. राणी आधी जिवंत आहे, मुलीचे केस विंचरते आहे, दुसऱ्या दिवशी दोघी बर्फात निघणार आहेत. आणि शेवटी राणी मरते. कंगवा उरतो. नावं वर सरकतात. बस, तिथं सिनेमा संपतो. अजदह्याला दया वगैरे काही येत नाही, गोष्टीत तो लंगडाही नाही, रबराचा पाय तेवढा हलत नाही. आणि खिडकीतल्या त्या संध्याकाळी राणी मान वर करून काय म्हणते, तर खाली इंग्रजीत लिहून आलं: घोड्यांना पाणी पाजलं का?

बस, एवढंच. आवाज जाडसर, परका. मी ते दृश्य पुन्हा पुन्हा लावलं. खालांचा आवाज जागचा हलला नाही, आईचा निघाला नाही. मी मोबाईल पालथा ठेवला आणि पेपर तपासायला घेतले.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी छावणीत गेले. खाला तिथंच राहतात, मुलगा-सुनेबरोबर. मियाँ गेले. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्यानं धूसर दिसतं. मी विचारलं, "खाला, ते खालचं उर्दू तुम्ही वाचायच्या ना?"

"उर्दू कहाँ थी बेटा, अरबी थी. हरफ पढ़ लेती थी, मतलब मेरेकू क्या मालूम? चेहरे देख देख के बोलती थी."

"म्हणजे सगळं मनानं?"

"फिर क्या करती? तुम लोगां मुँह खोल के बैठते थे."

मी हसले. मग कॅसेटींच्या क्रमाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "कव्हरां बदल गए थे. पहले दिन मैं दो नंबर की लगा दी. गलती से. आधी हुई तब समझा, बोली चलने दो. फिर वो रानी मर गई, और मनी कूलर के सामने जाके बैठ गई." त्यांनी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "सुमन को जाके कित्ते दिन हुए थे? एक नंबर की कॅसेट में रानी जिंदा थी. मैं बोली, तो यही आखिर है. मेरेकू उससे अच्छा आखिर नहीं सूझा."

सुमन म्हणजे आमची आई. तिला नावानं हाक मारणारं आता जगात दुसरं कुणी उरलेलं नाही. मी खालांना विचारलं, आई कशी बोलायची हो? त्या म्हणाल्या, "कैसी बोलती थी मतलब? सुमन जैसी बोलती थी." त्यांना माझा प्रश्नच कळला नाही. त्यांच्या कानात ती आहेच, मग समजावून काय सांगायचं?

मनी मे महिन्यात आली. मी तिला सगळं सांगून टाकलं, अरबीचं, क्रमाचं, घोड्यांचं. मला वाटलं होतं तिला लागेल. ती म्हणाली, "मग काय झालं? आपण आपलाच लावू. आधी दुसरा." मग खालांकडंच जाऊ म्हणाली.

तर गेल्या रविवारी दुपारी आम्ही तिघी खालांच्या त्याच खोलीत होतो. सुनेनं खिडक्यांना आता जाड पडदे लावलेत, भोक वगैरे नाही. कूलर प्लॅस्टिकचा आहे, पण गवत तेच, वास तोच. मनीनं मोबाईल स्टुलावर उभा केला आणि स्वतःच्या वयाला शोभणार नाही अशी मांडी घालून कूलरसमोर बसली. खाला खाटेवर पडल्या होत्या. त्यांना पडदा दिसत नव्हता, म्हणून आम्ही सांगत होतो. "खाला, बर्फ आला." "खाला, अजदहा उडाला." "तार दिखरी क्या?" त्यांनी विचारलं. दिसत होती. "पाय हलला का त्याचा?" "नाही हलला." "बोली थी ना मैं," खाला म्हणाल्या आणि समाधानानं कुशीवर वळल्या. राणी मेली तेव्हा मनीनं माझा हात धरला, पण डोळे कोरडे होते. मग पहिला भाग लागला. राणी घोड्यावर बसून हसत आली. खालांचा श्वास एका लयीत चालू झाला होता, त्यांना झोप लागली असावी.

खिडकीतली संध्याकाळ आली. राणीनं कंगवा थांबवला, मान वर केली. मनीनं खालची ओळ मराठी करून मोठ्यानं वाचली, "घोड्यांना पाणी पाजलं का." आणि बोट ठेवून सिनेमा तिथंच थांबवला. आता मुंग्या येत नाहीत.

आम्ही दोघी त्या थांबलेल्या बाईकडं बघत बसलो. उद्या प्रवासाला निघायचं आहे, आपण परत येणार नाही हे तिला ठाऊक नाही, आणि संध्याकाळची तिला काळजी एकच, जनावरांच्या पाण्याची. खालांचं वाक्य किती चांगलं होतं, माझ्या मनात आलं. पण आई असती तर असलं वाक्य कधीच बोलली नसती. आई असती तर असलंच काहीतरी घोड्यांचं विचारलं असतं.

तेवढ्यात कूलरचा आवाज बदलला. टाकी संपली की पंप कोरडा गुरगुरायला लागतो तसा. झळ आली. मी पडद्यावरची नजर न काढता, सवयीनं, भिंतीपलीकडच्या माणसाला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाले, "कूलरमध्ये पाणी टाकलं का गं?"

खाटेवरून खाला, डोळे मिटलेलेच, झोपेतच म्हणाल्या, "हौ सुमन, डाल दी."

आणि पुन्हा त्यांचा श्वास एका लयीत चालू झाला.

मी मनीकडं बघितलं. ती माझ्या तोंडाकडं बघत होती. कूलर कोरडाच फिरत होता, गरम हवा खोलीभर होत होती, आणि दोघींपैकी कुणी उठत नव्हतं.

"ताई," मनी म्हणाली, "परत म्हण."